मोफत पुस्तकांना वाली कोण?

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं सगळं लेखन, 'श्यामची आई'सकट, १ जानेवारी २०११ पासून समाजाच्या मालकीचं झालं. हरि नारायण आपटे, ज्ञानकोशकार केतकर, लक्ष्मीबाई टिळक ही मंडळी त्याच्या आधीच मुक्त झाली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हयातीत छापलेलं लेखन २०१७ पासून झालं. याच्या जोडीला सरकारी पैशातून झालेलं मोठं काम आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभारलेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर पैसे न भरता वाचता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, राज्याची गॅझेटियर्स संगणकावर उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररीही सर्वांना खुली आहे. विनामूल्य मराठी वाचनाचा एवढा साठा सामान्य वाचकाच्या आवाक्यात याआधी कधीच नव्हता. तरी त्यातलं काय वाचावं हे सांगायला मात्र कोणी पुढे येत नाही.

याचं कारण सरळ व्यवहाराचं आहे. प्रकाशक नव्या पुस्तकाची जाहिरात करतो, कारण त्यात त्याचे पैसे अडकलेले असतात. दुकानदार खपणारं पुस्तक दर्शनी मांडतो. ऑनलाइन विक्रीची संकेतस्थळं तुम्ही काय विकत घेतलं ते पाहून विकता येण्याजोगंच दुसरं काही सुचवतात. छपाईतून गेलेलं पुस्तक, ज्याची शेवटची आवृत्ती चाळीस वर्षांपूर्वी निघाली आणि जे आता फक्त ग्रंथालयाच्या कपाटात किंवा स्कॅन केलेल्या प्रतीत उरलं आहे, ते या कोणाच्याच यादीत येऊ शकत नाही. त्याची शिफारस करण्यात कोणाचाच फायदा नाही. अपवाद एकाच संस्थेचा, सार्वजनिक ग्रंथालयाचा. पुस्तक वाचलं गेलं एवढाच त्याचा नफा. म्हणून गावातल्या ग्रंथालयाचं आजचं पहिलं काम शिफारस करणं हे आहे असं मला वाटतं. ती स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकांची करावी आणि स्वतःकडे नसलेल्या, पण मोफत मिळणाऱ्या पुस्तकांचीही करावी.

आपल्या व्यवस्थेत हे काम मोजलंच जात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, तो अमलात आला १ मे १९६८ रोजी. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची संख्या अकरा ते बारा हजारांच्या घरात आहे. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. वर्ग ठरताना पाहिलं जातं ते ग्रंथ किती, सभासद किती, दैनिकं आणि नियतकालिकं किती येतात, ग्रंथालय किती वेळ उघडं असतं. या गोष्टी आवश्यकच आहेत. मुक्तद्वार वाचन विभागात रोजची वर्तमानपत्रं कोणालाही वाचायला मिळतात, ही या कायद्याची मोठी देणगी आहे. पण दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक पुढे कोणाच्या हाती गेलं का, हे मोजणीत कुठेच येत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरं सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, आणि तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. दुसऱ्या सूत्राबद्दल आपण थोडंफार बोलतो. तिसरं विसरलोच आहोत, आणि शिफारशीचं सगळं काम त्या तिसऱ्यात आहे.

चांगली शिफारस काय करते ते प्रत्यक्ष पुस्तकांवरून पाहू. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं, आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही त्याच साली. एकात कर्ण स्वतःच्या तोंडून बोलतो, वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्यात तोच कर्ण एका समाजशास्त्रज्ञ बाईंच्या नजरेखाली येतो आणि त्याच्या शौर्याची, औदार्याची कसून तपासणी होते. 'मृत्युंजय' परत करायला आलेल्या तरुणाच्या हाती त्याच दिवशी 'युगान्त' ठेवणारा ग्रंथपाल त्याला आवडलेलं पुस्तक नव्याने पाहायला लावतो. 'श्यामची आई' वाचून भारावलेल्या वाचकाला लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' द्यावीत. दोन्ही पुस्तकं १९३० च्या दशकातली, दोन्ही घरातल्या आठवणींची. पण लक्ष्मीबाई स्वतःच्या हालअपेष्टांकडे ज्या मोकळ्या हसऱ्या नजरेने पाहतात ती गुरुजींकडे नाही. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) वाचलेल्याला बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' सुचवलं, तर त्याच जगातल्या बायकांचं जगणं त्याच्यापुढे उभं राहतं. या जोड्या जुळवायला दोन्ही पुस्तकं वाचलेला माणूस लागतो.

मोफत पुस्तकांच्या बाबतीत तर असा माणूस अधिकच लागतो. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं उदाहरण घ्या. चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केलं, पण मूळ भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. शोधयंत्रात नाव टाकणाऱ्याला यातला भेद कळणार नाही. समोर आलेली पहिली प्रत उघडून तो गोडसे भटजी वाचल्याचं समाधान मानेल. कोणती आवृत्ती घ्यावी, अमुक प्रतीत पानं गाळलेली आहेत का, विश्वकोशातली जुनी नोंद आजही चालेल की तिला नवा संदर्भ जोडावा, अशा बारीक गोष्टींत जाणत्या ग्रंथपालाची किंमत कळते. साठा जेवढा वाढतो तेवढी ती किंमतही वाढते.

शिफारशीची परंपरा आपल्याकडे नव्याने आणायची गरज नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती, निवडक पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात. ज्या गावात ग्रंथपाल पोहोचू शकत नव्हता तिथे त्याची निवड पेटीतून पोहोचत होती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ पासून हेच करते आहे. वाचकांचे गट पेट्या आपसांत बदलतात, आणि महाराष्ट्राबाहेरच्या, परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही त्या गेल्या आहेत. एका पेटीत मावतील एवढीच पुस्तकं घ्यायची म्हटल्यावर निवड करावीच लागते. योजनेच्या यशात मला या मर्यादेचा वाटा मोठा दिसतो.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की काय वाचावं हे सांगणारा ग्रंथपाल कोण? त्याची जात, त्याचं राजकारण, त्याची आवड त्याच्या यादीत उतरणारच. ते खरं आहे. पण खरेदीच्या यादीत ते आजही उतरतं, फक्त तिथे कोणाचं नाव नसतं. शिफारस सहीनिशी व्हावी, दोन ओळींच्या कारणासह व्हावी, आणि एकाच माणसाची नसावी. शिक्षक, परिचारिका, शेतकरी, अभ्यासिकेत येणारी मुलगी अशा वेगवेगळ्या वाचकांनी लिहिलेली कार्डं कपाटावर लागली, तर एकाच्या आवडीचा पगडा राहत नाही. शिवाय शिफारस नाकारण्याचा हक्क वाचकाकडे असतोच.

दुसरा आक्षेप लेखक-प्रकाशकांचा: फुकटाची सवय लागली तर पुस्तकं विकत कोण घेणार? ज्यांचे हक्क शाबूत आहेत त्यांच्या चोरून फिरवलेल्या पीडीएफबद्दल हा राग अगदी रास्त आहे, आणि ग्रंथालयाने तसल्या प्रतींकडे चुकूनही बोट दाखवू नये. पण हक्क संपलेली आणि शासनाने खुली केलेली पुस्तकं वेगळी. कायदेशीर मोफत प्रत कोणती आणि चोरीची कोणती, हे बहुतेक वाचकांना कळत नाही, आणि तेही समजावून सांगायला विश्वासाचं माणूस लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड. तुटपुंज्या मानधनावर एकटा माणूस देवघेव सांभाळतो, नोंदी ठेवतो, झाडलोटही करतो; त्याने वाचायचं कधी? ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी फार जुनी आहे. ती मान्य होईपर्यंत त्यांच्याकडून पांडित्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, हे मी मान्य करतो. कार्डं वाचकांनी लिहावीत असं म्हणण्यामागे हेही कारण आहे. पण वाचकांच्या उत्साहावर सगळा भार टाकून शासनाला मोकळं होता येणार नाही. वार्षिक तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: गेली पाच वर्षं कपाटातून न हललेली किती पुस्तकं या वर्षी वाचकांकडे गेली? देवघेवीच्या नोंदींवरून हा आकडा काढता येतो, आणि जिथे संगणक आहे तिथे तो काढायला फार श्रम पडत नाहीत. अनुदानाचा थोडा भाग या आकड्याला बांधला, तर नव्या खरेदीइतकंच लक्ष जुन्या कपाटांकडे जाईल, आणि ग्रंथपालाने वाचनात घालवलेला तास कामाचा तास म्हणून धरावा लागेल.