पाठीच्या कण्याची वक्रता : वाढीच्या वयातच निदान का महत्त्वाचे?

नवी दिल्ली : वाढत्या वयातील मुलीचा एक खांदा वर दिसू लागला किंवा कुर्त्याची कड एका बाजूला उचललेली राहू लागली, की घरात बहुधा ‘नीट उभी राहा’ एवढेच सांगितले जाते. मात्र हा सवयीचा दोष नसून ‘स्कोलिओसिस’, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळण्याचा विकार असू शकतो. सुरुवातीला तो बहुतेकदा दुखत नाही. त्यामुळे तो उशिरा लक्षात येतो आणि उपचारांची योग्य वेळ निघून जाते.

निरोगी कणा मागून पाहिल्यास सरळ दिसतो. या विकारात तो इंग्रजी ‘एस’ किंवा ‘सी’ अक्षराप्रमाणे वळतो, तसेच मणके स्वतःभोवती फिरतात. क्ष-किरण चित्रावर मोजलेला ‘कॉब कोन’ १० अंश किंवा त्याहून अधिक असल्यास स्कोलिओसिसचे निदान होते.

काही बालकांमध्ये जन्मजात सदोष मणके, तर काहींमध्ये मेंदूचा पक्षाघात किंवा स्नायूंचे आजार यामागे असतात. तथापि, सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. असा विकार प्रामुख्याने वयाच्या दहाव्या वर्षानंतर आढळतो. सौम्य वक्रता मुलामुलींमध्ये जवळपास सारखीच असली, तरी ती वाढत जाण्याचे प्रमाण मुलींमध्ये कितीतरी अधिक आहे. जड दप्तराने पाठ दुखू शकते; पण त्यामुळे स्कोलिओसिस होत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

प्राथमिक तपासणी घरीही करता येते. मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे झुकण्यास सांगावे आणि मागून पाठ न्याहाळावी. बरगड्यांची किंवा कमरेची एक बाजू उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उपचार वक्रतेचा कोन आणि शिल्लक राहिलेली वाढ यांवर ठरतात. २५ अंशांपेक्षा कमी वक्रतेवर सहसा ठराविक काळाने केवळ लक्ष ठेवले जाते. वाढ सुरू असताना कोन साधारण २५ ते ४५ अंशांदरम्यान असल्यास ब्रेस, म्हणजे धडाला आधार देणारा घट्ट पट्टा दिला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत पोहोचली नाही; केवळ निरीक्षणाखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. पट्टा जितके अधिक तास वापरला, तितका लाभ अधिक दिसला.

वाढ पूर्ण झाल्यावर मात्र पट्ट्याने वक्रता रोखता येत नाही. ५० अंशांपुढील वक्रता प्रौढपणीही हळूहळू वाढू शकते आणि ती फार तीव्र झाल्यास फुफ्फुसांवर दाब येतो. अशा वेळी धातूच्या सळ्या व स्क्रू बसवून मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. विशिष्ट व्यायाम पूरक ठरू शकतात. परंतु मालीश केल्याने कणा सरळ होत नाही.

मुलीच्या लग्नाच्या चिंतेने हा विकार लपवण्याकडे काही कुटुंबांचा कल असतो. लपवण्यात गेलेली वर्षे नेमकी वाढीची असतात आणि पट्ट्याचा उपयोगही त्याच वर्षांत होतो.