ग्रुपवरची चर्चा सरकारदरबारी कशी पोचते?

मंडळी, माउंट रॉस्किलमधल्या कुठल्याही मराठी घरातला व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. सकाळी सुविचार, दुपारी कारल्याच्या रसाने मधुमेह पळवणारा फॉरवर्ड, आणि रात्री उशिरा एखादा खरा प्रश्न : "डॉक्टरांनी सुचवलेलं औषध सरकारी अनुदानात बसत नाही. कुणाला काही माहिती आहे का?" मग वीस-पंचवीस उत्तरं येतात, जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवशी नवा सुविचार येतो. प्रश्न तिथेच राहतो. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. एवढी माहिती जमते, पण जिथे जायला हवी तिथे पोचत नाही, हे बघून आम्हाला राहवत नाही.

ती कुठे जायला हवी? न्यूझीलंडमध्ये कोणत्या औषधाला सरकारी पैसा मिळणार हे 1993 साली स्थापन झालेली 'फार्मॅक' ही संस्था ठरवते. तिचं बजेट ठरलेलं असतं, म्हणून एका औषधाला 'हो' म्हणताना दुसऱ्याला 'थांबा' म्हणावं लागतं. पण ती आपल्या प्रस्तावांवर लोकांचं मत मागवते, आणि नव्या औषधासाठी अर्ज तर कुणीही करू शकतं. कायद्याचा प्रश्न असेल तर संसदेची समिती लेखी निवेदनं घेते. 2018 पासून संसदेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन याचिकाही करता येते.

याचा उपयोग होतो का? होतो. 2016 साली त्वचेच्या कर्करोगावरच्या 'कीट्रुडा'साठी 11 हजारांहून अधिक सह्यांची याचिका इथल्या संसदेत गेली. त्याच वर्षी फार्मॅकचं बजेट वाढलं आणि सप्टेंबरपासून ते औषध अनुदानात आलं. आपल्याकडे मुंबईच्या 'शीसेज' संस्थेने एप्रिल 2017 मध्ये सॅनिटरी पॅडवरच्या कराविरुद्ध ट्विटरवर 'लहू का लगान' ही मोहीम काढली. तरीही जुलैत 12 टक्के जीएसटी लागलाच. पण ओरड थांबली नाही, याचिका झाल्या, आणि जुलै 2018 मध्ये तो कर रद्द झाला.

मात्र आवाज मोठा म्हणजे लोक जास्त, असं नव्हे. इच्छामरणाच्या विधेयकावर इथल्या समितीकडे सुमारे 39 हजार लेखी निवेदनं आली, त्यातली बहुतेक विरोधात. 2020 च्या सार्वमतात मात्र 65 टक्के लोकांनी बाजूने कौल दिला! म्हणून शंभर जणांनी एकच मजकूर कॉपी-पेस्ट करून पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापला अनुभव लिहिणं जास्त मोलाचं.

यात आपलं काय अडलंय? 2018 च्या इथल्या मार्गदर्शनानुसार हृदयविकाराच्या धोक्याची तपासणी दक्षिण आशियाई पुरुषांनी तिशीत आणि बायकांनी चाळिशीत सुरू करावी. इतरांसाठी हेच वय 45 आणि 55 आहे. म्हणजे आपला धोका मान्य झालेला आहे. पण 2021 मध्ये मधुमेहाचं एम्पाग्लिफ्लोझिन अनुदानात आलं, तेव्हा निकषांत माओरी आणि पॅसिफिक लोकांचा नावानिशी उल्लेख होता, आपला नव्हता. त्यांना ते मिळालं हे योग्यच झालं. आपल्यापैकी काहींना हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार अशा इतर निकषांतून ते मिळू शकत होतं. पण आपल्या घराघरातली साखर आपण तेव्हा किती जणांनी लेखी मांडली होती?

आमच्या धंद्यात 'सॉफ्टवेअर चालत नाही' एवढ्याच तक्रारीला कुणी हात लावत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तिन्ही लिहावं लागतं. निवेदनाचंही तसंच. कोणता त्रास, किती खर्च, किती दिवस थांबावं लागलं, नेमका काय बदल हवा. एक पान पुरे. इंग्रजी साधं चालतं. फक्त एक लक्षात ठेवा : संसदेकडे दिलेली निवेदनं सहसा जाहीर होतात. तेव्हा दुसऱ्याचा आजार त्याला विचारल्याशिवाय लिहू नका, आणि ग्रुपवरचा मजकूर तर परस्पर मुळीच उचलू नका.

आणखी एक. ज्या आजी-आजोबांना औषधांची सर्वांत जास्त गरज आहे, ते बहुधा ग्रुपवर बोलत नाहीत. त्यांच्याशेजारी बसून, मराठीत ऐकून, आपणच लिहून घ्यायला हवं. वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हटलं तरच पाठवायचं.

आज तुम्ही दिलेली देणगी एखाद्या रुग्णाला नक्की आधार देईल. पण एक नियम बदलला तर कधी न भेटलेल्या हजारोंना तो मिळतो. मध्यंतरात चहाच्या टेबलाशेजारी आम्ही लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. चहा घ्या, आणि तुमचा अनुभव सांगायला जरूर या. टंकलेखन आमच्याकडे लागलं!