जीवसंख्या परिस्थितिकी

जीवसंख्या परिस्थितिकी ही परिस्थितिकीची एक शाखा आहे. विशिष्ट प्रदेशात विशिष्ट काळी राहणाऱ्या एकाच जातीच्या सजीवांच्या समूहास 'जीवसंख्या' म्हणतात. ती किती आहे आणि का वाढते वा घटते, याचा अभ्यास या शाखेत केला जातो. 'लोकसंख्या' हा शब्द माणसांपुरता रूढ असल्याने येथे टाळणे इष्ट; 'समष्टी' हा पर्यायही आढळतो.

बदलाचे घटक

जन्म व आगमन यांमुळे जीवसंख्या वाढते, तर मृत्यू व निर्गमन यांमुळे घटते. कोणता घटक प्रभावी आहे हे न पाहता केवळ आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे असतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाला, तर २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु हे पक्षी येथे वीण करत नाहीत. भारतातील त्यांची प्रमुख वीणस्थळे कच्छच्या रणात आहेत. त्यामुळे खाडीतील वाढ ही आगमनाची वाढ होय, जन्माची नव्हे.

वाढ व धारणक्षमता

अन्न व जागा मुबलक असताना वाढ गुणाकाराने होते. कल्याण परिसरात उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी हे याचे परिचित उदाहरण होय. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल स्थितीत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने पात्राचा चौसष्टावा भाग व्यापणारी जलपर्णी दहा आठवड्यांनी अर्धे पात्र व्यापते आणि पुढच्या दोनच आठवड्यांत उरलेले अर्धे. धोका ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते ती यामुळेच.

अशी वाढ अमर्याद चालत नाही. उपलब्ध साधनांवर जितके जीव टिकू शकतात त्या मर्यादेस धारणक्षमता म्हणतात. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये या मर्यादित वाढीचे समीकरण मांडले. जलपर्णी उपसल्याने संख्या घटते, पण सांडपाण्यातील पोषकद्रव्ये कायम राहिल्यास धारणक्षमता तशीच राहते आणि उरलेल्या रोपांपासून पात्र पुन्हा भरते.

गणना

प्रत्येक प्राणी मोजणे क्वचितच शक्य असते. समजा, पहिल्या फेरीत २० प्राणी ओळखून ठेवले आणि दुसऱ्या फेरीत दिसलेल्या २४ पैकी १६ त्यांतलेच निघाले, तर अंदाजे संख्या २० × २४ ÷ १६, म्हणजे ३० येते. मात्र दोन फेऱ्यांदरम्यान कोणी आत आले वा बाहेर गेले नसावे, हे यात गृहीत असते.

बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असल्याने त्यास खूण करावी लागत नाही, छायाचित्र पुरते. ठाण्याच्या येऊर डोंगरापर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ च्या कॅमेरा-गणनेत ३५ बिबटे नोंदवले गेले. सुमारे १०४ चौ. किमी. क्षेत्राच्या मानाने ही घनता बरीच आहे. उद्यानालगतच्या वस्त्यांतील भटकी कुत्री हे बिबट्यांचे एक महत्त्वाचे भक्ष्य असून, कुत्री उघड्या कचऱ्यावर पोसली जातात. म्हणजे येथील धारणक्षमता केवळ जंगलावर ठरत नाही.

या परिसरात २००४ च्या सुमारास बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढून अनेकांचा बळी गेला. अन्यत्र पकडलेले बिबटे उद्यानात सोडणे हे त्यामागील एक कारण असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. बिबट्या पकडून नेल्यास त्याची रिकामी हद्द बहुधा दुसरा बिबट्या व्यापतो, आणि नेलेला प्राणी अनोळखी प्रदेशात भटकतो.