नेर (स्थलनामांतील अंत्यघटक)

नेर हा महाराष्ट्रातील अनेक गावे, शहरे आणि जुने प्रदेशविभाग यांच्या नावांच्या शेवटी येणारा घटक आहे. पारनेर, संगमनेर, अमळनेर, जामनेर ही त्याची परिचित उदाहरणे होत. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या परिसरात हा घटक दोन प्रकारे आढळतो. वस्तीच्या नावात तो 'नगर' या अर्थाने येतो, तर नदीच्या नावाला जोडून आल्यास त्या नदीच्या खोऱ्याचा बोध करून देतो.

व्युत्पत्ती

'नेर' हे संस्कृत 'नगर' या शब्दाचे झिजलेले रूप मानले जाते. प्राकृत भाषांमध्ये दोन स्वरांमधील 'ग' लोप पावून त्याजागी 'य' आला आणि 'नगर'चे 'नयर' झाले. पुढे 'अय' या स्वरसमूहाचा 'ए' होऊन 'नेर' हे रूप तयार झाले. मराठीतील 'केळ' हा शब्दही अशाच मार्गाने आला आहे (कदली – कयली – केळ).

'नेर' म्हणजे 'नीर', अर्थात पाणी, अशीही एक लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. नदीकाठच्या गावांमुळे ती पटण्याजोगी वाटते. मात्र 'ई'चा 'ए' होणे हा वरीलप्रमाणे नियमित ध्वनिबदल नाही.

जुन्नर आणि सिन्नर

काही नावांत 'नेर' आणखी आक्रसून 'नर' एवढाच उरला आहे. जुन्नर या नावाची फोड 'जुने नगर' अशी केली जाते. प्राकृतात 'जुण्ण' म्हणजे जुना. 'जुण्ण' आणि 'णयर' एकत्र आल्यावर लागोपाठ येणाऱ्या सारख्या ध्वनींपैकी एक गळून जुन्नर हे रूप झाले, असे स्पष्टीकरण दिले जाते. जीर्णनगर हे या गावाचे संस्कृत रूपही याच अर्थाचे आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि परिसरातील लेणी पाहता 'जुने' हे विशेषण या गावाला साजेसे आहे.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या बाबतीत मधली पायरीही दिसते. यादवकालीन ताम्रपटांत येणारे 'सिंदीनेर' हे नाव आजच्या सिन्नरचे मानले जाते.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याची पहिली राजधानी जुन्नर होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने वसवलेल्या नव्या राजधानीला अहमदनगर हे नाव मिळाले (सध्याचे अहिल्यानगर). अशा रीतीने एकाच राजवटीच्या दोन राजधान्यांच्या नावांत एकच शब्द दोन रूपांत आढळतो: जुन्नरमध्ये बोलण्यातून झिजलेला, तर अहमदनगरमध्ये मूळ रूपात पुन्हा घेतलेला.

नदीवरून पडलेली नावे

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यांना मावळ म्हणतात. जुन्नर ते चाकण या पट्ट्यातील बारा मावळांच्या पारंपरिक यादीत बहुतेक नावे नेरान्त आहेत. त्यांतील प्रमुख नावे अशी:

• शिवनेर – जुन्नरचा परिसर. शिवनेरी किल्ल्याचे नाव याच्याशी निगडित आहे.
• मीननेर – मीना नदीचे खोरे. नारायणगाव याच नदीकाठी आहे.
• घोडनेर – घोड नदीचे खोरे. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव या नदीच्या खोऱ्यात आहे.
• भीमनेर – भीमाशंकरजवळ उगम पावणाऱ्या भीमा नदीचे खोरे.
• भामनेर – खेड तालुक्यातून वाहणाऱ्या भामा नदीचे खोरे.

पारनेर, संगमनेर, सिन्नर, पिंपळनेर, जामनेर आणि अकोळनेर ही नावेही या यादीत दिली जातात.

या विभागांना आज प्रशासकीय अस्तित्व नाही. तरीही त्यांची नावे गावांच्या नावांतून टिकून आहेत. जुन्नर तालुक्यात हिवरे नावाच्या गावांपैकी एक 'हिवरे तर्फे नारायणगाव', तर दुसरे 'हिवरे तर्फे मिन्हेर' म्हणून ओळखले जाते. 'तर्फ' हा पूर्वीचा महसुली विभाग असून 'मिन्हेर' हे मीननेरचे बोलीतील रूप आहे. दोन हिवऱ्यांमधील फरक स्पष्ट राहावा म्हणून कागदोपत्री हे जुने नाव अजूनही लिहावे लागते.

स्थान नाहीसे झाल्यावरही नाव उरते, याचे उदाहरण शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहे. मूळ आंबेगाव हे गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे नाव मात्र तेच राहिले. 'आंबेगाव'मधील 'गाव' हा घटकदेखील 'नेर'सारखाच झिजून झालेला आहे (ग्राम – गाम – गाव); फरक एवढाच की 'गाव' हा शब्द आजच्या बोलण्यात जिवंत आहे, तर 'नेर'चा अर्थ सर्वसामान्य वापरातून नाहीसा झाला आहे.

संभ्रमाच्या जागा

• एकच नाव अनेक ठिकाणी असू शकते. पिंपळनेर धुळे जिल्ह्यात आहे आणि पारनेर तालुक्यातही. संत निळोबारायांची समाधी पारनेर तालुक्यातील पिंपळनेर येथे आहे.
• नावाचा पूर्वार्ध वेगवेगळ्या प्रकारचा असतो. संगमनेर प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर आहे. पारनेरचे नाव लोकपरंपरेत पराशर ऋषींशी जोडले जाते.
• अजमेर आणि जैसलमेर यांचा शेवट ऐकायला सारखा असला, तरी त्यांतील 'मेर' हा 'मेरू', म्हणजे पर्वत, या शब्दापासून आला आहे.

इतर भाषांतील तुलना

इंग्लंडमधील मँचेस्टर, लँकेस्टर, ग्लॉस्टर या नावांचा शेवट लष्करी छावणी या अर्थाच्या 'कास्त्रा' या लॅटिन शब्दापासून आला आहे. त्या शब्दाची तेथे 'चेस्टर', 'केस्टर' आणि 'स्टर' अशी रूपे झाली. 'नगर'पासून 'नेर' आणि 'नर' ही रूपे होणे हा त्याच स्वरूपाचा बदल आहे. दोन्हीकडे मूळ शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या ध्यानात राहिलेला नाही. तरी सारख्या अक्षरांनी संपणारी नावे एकत्र मांडून पाहिल्यास तो पुन्हा उलगडता येतो.