मुक्कामाची गाडी

आजोबा घरात किती वाजता काय करतात हे तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पहाटे चारला उठून बसतात, नोटा एका तोंडाने लावतात, बाजाराला निघताना दारात उभे राहून खिशातले पैसे मोजतात, झोपेत एक हात उशीखाली असतो. या सवयी लागल्या कुठे, ते मात्र मी कधी बोललो नाही. एसटीत कंडक्टर होतो, एवढंच सांगितलं. तुमची आजी दोन लहान पोरांना घेऊन घरात एकटी असायची, त्या रात्री मी कुठे होतो ते आज तासातासाने सांगतो. साल 1978 धरा. ड्युटी भोर ते शिरगाव, वरंधा घाटाच्या अलीकडची, मुक्कामाची.

दुपारी 3

आगारात हजेरी लावली की खिडकीवर तीन वस्तू ताब्यात मिळायच्या: वेबिल म्हणजे तिकिटं आणि रोकडीच्या हिशोबाचा कागद, तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. ट्रेमध्ये निरनिराळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या ओळीने बसवलेल्या. प्रत्येक गड्डीचं वरचं तिकीट पाहायचं आणि त्याचा नंबर वेबिलवर चढवायचा. ही तिकिटं म्हणजे पैसाच. गड्डी हरवली तर तिच्यावर छापलेली पूर्ण किंमत पगारातून भरायची. म्हणून चहा प्यायला गेलो तरी ट्रे काखेत.

मग स्वतःजवळची रक्कम वेबिलवर लिहायची. घरून खर्चाला आणलेले दोन रुपये असोत की पाच, आधी लिहायचे. वाटेत तपासणीला कोणी चढलं, तर जवळची सगळी रोकड विकलेल्या तिकिटांशी जुळली पाहिजे. न लिहिलेला घरचा रुपया अशा वेळी प्रवाशाचा धरला जायचा. सूनबाई, पिशवी घेऊन निघताना मी दारात पैसे मोजतो ना, तो तुझ्या हिशोबावरचा अविश्वास नाही गं. खिशात किती आहेत हे माहीत असल्याशिवाय उंबरा ओलांडायची भीती वाटते, ती अजून गेली नाही.

दुपारी 4

भाटघरला एक फेरी. धरणाची भिंत, शाळेतून परतणारी पोरं, अर्धी तिकिटं. विशेष काही नाही.

संध्याकाळी 6

शिरगावची गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून टोप्या, पिशव्या आणि रुमाल सीटवर पडलेले असायचे. बाजाराचा दिवस असला तर आत पाऊल ठेवायला जागा नसे. ट्रेवर चिमट्याने टकटक करत मागून पुढे सरकायचं. भाड्याचा हिशोब टप्प्यावर, सहा किलोमीटरचा एक टप्पा. भाडं एका तिकिटात बसलं नाही तर दोन-तीन तिकिटं मिळून द्यायची, तीही चालत्या गाडीत, वळणावर, पाय फाकवून उभं राहून. देवघरात मी दोन्ही पाय लांब ठेवून उभा राहतो म्हणून तुम्ही हसता. तो तोल वाटेतल्या निगुडघरच्या रस्त्यावर कमावलेला आहे.

अंधार पडला की ड्रायव्हर आतले दिवे घालवायला सांगत. आतला उजेड समोरच्या काचेवर पडला की त्यांना रस्ता दिसत नाही. मग उरलेलं काम काळोखात. आता तुम्हाला कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट ऐका: मी डोळे मिटून चिल्लर मोजू शकतो. पाच पैशांचं नाणं चौकोनी, दहा पैशांचं कडेने कंगोरेदार, दोन्ही हलकी, ॲल्युमिनियमची. चार आणे लहान आणि गोल, आठ आणे त्याहून मोठे आणि जड. अंगठा फिरवला की नाणं कळायचं. एखादी म्हातारी मुठीतली सगळी चिल्लर माझ्या तळव्यावर ओतून म्हणायची, “घे लेकरा, तुझं तू मोजून.” तिचा विश्वास आणि माझा अंगठा, या दोहोंवर तो व्यवहार चालायचा. अंधारात दहा पैसे जास्त घेतले असते तर तिला कळलंही नसतं. म्हणून उरलेली नाणी मी तिच्या हातात एक-एक करून ठेवायचो, तोंडाने मोठ्यांदा मोजत.

रात्री साडेआठ

आपटी, निगुडघर, हिर्डोशी करत गाडी शिरगावला पोचायची. रस्त्याच्या एका अंगाला नीरा नदी. आज तिथे नीरा देवघर धरणाचं पाणी पसरलेलं आहे. तेव्हा धरण नव्हतं, खाली भातखाचरं होती. ड्रायव्हर गाडी मुद्दाम उताराला तोंड करून लावायचे आणि चाकांना दगड द्यायचे. पहाटे बॅटरीने दगा दिला तर दगड काढायचे, गाडी उतारावर सोडायची, की इंजिन धरतं.

रात्री 9

हे आजीलाही नवीन आहे. मला भाकरी येते. ज्वारीची नाही, तांदळाची.

आमच्या ड्रायव्हरांना मी अण्णा म्हणायचो. माझ्याहून वयाने बरेच मोठे. गाडीत त्यांची एक लाकडी पेटी असायची. तिच्यात वातीचा स्टोव्ह, लोखंडी तवा, मीठ-मिरचीचे डबे. गावातून तांदळाचं पीठ मिळायचं, कधी कुणी वरणा-वाटाण्याची आमटी आणून द्यायचं. पहिल्या दिवशी मी गार पाण्यात पीठ भिजवलं, तर ते हातात येईना. अण्णा म्हणाले, “ज्वारीसारखं करू नका, याची उकड काढावी लागते.” पाण्याला आधण आलं की त्यात मीठ, मग पीठ, झाकण, वाफ. ते गरम गरम असतानाच तळव्याने मळायचं. हात भाजतो, पण निवू दिलं की भाकरीच्या कडा फुटतात. थापताना खाली पीठ पसरायचं, बोटं न टेकवता तळव्याच्या कडेने भाकरी फिरवायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची. फुगली की अण्णा काही बोलत नसत, फक्त पहिली भाकरी माझ्या ताटात टाकत.

घरी कधी का केली नाही, असं आता तुम्ही विचाराल. आमच्या वेळी स्वयंपाकघरात आईचा आणि मग तुमच्या आजीचा शब्द. पुरुषाने तव्यापाशी जाणं कुणाला रुचलं नसतं, आणि मलाही लाज वाटायची. ती लाज धरण्यासारखी नव्हती. आजी दिवसभर राबून रात्री माझ्यासाठी पुन्हा तवा तापवायची, तेव्हा मला भाकरी येत होती.

रात्री 10

झोप गाडीतच, मागच्या लांब सीटवर. अण्णा पुढे. पैशांची बॅग उशाला आणि तिच्या पट्ट्यात हात अडकवलेला. माझा हात उशीखाली का असतो, ते आता कळलं असेल.

मला अंधाराची भीती वाटायची. दोन पोरांचा बाप होतो, तरी वाटायची. पावसाळ्यात त्या भागात आभाळ फाटल्यासारखा पाऊस, टपावर एकसारखा मारा, मधेच रानातून भेकर ओरडायचं. भेकराचं ओरडणं कुत्र्याच्या भुंकण्यासारखं असतं, पण कुत्रं गावात भुंकतं आणि हे डोंगरातून येतं. अण्णांना हाक मारायला जीभ रेटत नसे. मग मी शिरगावपासून भोरपर्यंतचे थांबे मनात उलटे म्हणायचो आणि घरापर्यंत पोचायच्या आत झोप लागायची.

पहाटे 4

जात्याची घरघर. मग बाईचा आवाज, ओवीचा. एका घरातून सुरू झाला की थोड्या वेळाने दुसऱ्या घरातून. माझी आई दळताना गायची, तसाच चढ, तसाच शेवटचा ओढलेला सूर. मी काचेला कान लावून पडून राहायचो. भाऊ, माहेर, पंढरी, पाऊस, सगळं त्यात यायचं. बाईला दिवसभर बोलता येत नव्हतं ते ती जात्याशी बोलायची. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यात आणि बाहेरही गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. ते ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. चारला जाग येते ती तेव्हापासून. गावात आता गिरणी आहे, जाती थांबली, तरी येते.

पहाटे साडेपाच

माणसांच्या आधी डबे चढायचे. भोरला शिकायला ठेवलेल्या पोरांना आईने रात्रीतून केलेली भाकरी, चटणी, कालवण. फडक्यात बांधलेला डबा, गाठीत खोचलेली नावाची चिठ्ठी. बऱ्याच आयांना लिहिता येत नसे. त्या सांगायच्या आणि चिठ्ठी मी लिहायचो. त्याचं तिकीट नसे, वेबिलवर त्याला रकाना नव्हता. डबे इंजिनाच्या झाकणाशेजारी ठेवायचे, म्हणजे गरम राहतात. कालवण सांडू नये म्हणून अण्णा वळणं सावकाश घ्यायचे. एकदा एका आईने डब्याबरोबर निरोप दिला, “त्याला सांगा, गाय व्याली.” स्टँडवर त्या पोराला डबा देताना मी विसरलो नाही. पोराने डबा खाली ठेवून विचारलं, “पाडी का गोऱ्हा?” ते मी आईला विचारलं नव्हतं. परतीच्या मुक्कामाला आधी तेच विचारलं. पाडी होती.

सकाळी 11

भोरला एक-दोन जवळच्या फेऱ्या मारून आगारात वेबिल बंद करायचं. गड्डीचे शेवटचे नंबर, रोकड, स्वतःजवळची रक्कम वेगळी. नोटा एका तोंडाने लावल्याशिवाय खिडकीत घेत नसत.

घरी आलो की आजी विचारायची, “रात्री जेवलात का नीट?” मी म्हणायचो, “जेवलो.” पुढे ती विचारत नसे, मी सांगत नसे.

येत्या रविवारी सांगण्यापेक्षा करून दाखवतो. सूनबाई, तांदळाचं पीठ ताजं दळून आण, आणि माळ्यावरचा लोखंडी तवा काढून ठेव. पहिली भाकरी आजीच्या ताटात.