वुलरचे पाणी आटते, गाड-हांजींचा धंदा सुकतो

काश्मीर म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना शाल, गालिचा, केशर, अक्रोड आणि सफरचंद एवढेच आठवते. हा माल मुंबई-पुण्याच्या बाजारापर्यंत येतो, म्हणून त्याची बातमीही येते. परंतु त्याच मुलखात हजारो मुस्लिम कुटुंबांचे पोट भरणारा एक धंदा असा आहे की ज्याचा माल खोऱ्याबाहेर फारसा जात नाही. तो धंदा म्हणजे वुलर सरोवरातील मासेमारी. या धंद्याचे आज जे चालले आहे ते आपल्या कारागिरांनी आणि दुकानदारांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

वुलर उत्तर काश्मीरमध्ये, बांदीपोरा आणि बारामुल्ला या जिल्ह्यांत पसरले आहे. झेलम नदी या सरोवरात शिरते आणि सोपोरच्या बाजूने बाहेर पडते. गोड्या पाण्याची एवढी मोठी सरोवरे आपल्या देशात मोजकीच. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याने भर सरोवरात झैना लंक नावाचे बेट बांधून घेतले, ते वादळात सापडलेल्या होड्यांना आसरा मिळावा म्हणून. दुपारनंतर येथे वारा सुटला की लहान होडीची धडगत नसते. त्यामुळे जाळ्याचे काम पहाटेचे. त्या बेटाभोवती आता गाळ आणि दलदल साचली आहे. आसरा घ्यायला जाणाऱ्या होडीलाच तेथे वाट सापडणे मुश्कील.

पाण्यावर पोट असणाऱ्या जमातीला काश्मीरमध्ये हांजी म्हणतात. श्रीनगरला गेलेल्या पर्यटकाला हाऊसबोट आणि शिकारा चालवणारा हांजी भेटतो. मासे धरणारा तो गाड-हांजी; गाड म्हणजे मासा. आपल्या कोकणातील दालदी बांधवांशी यांचे नाते पटकन जुळेल. बाप जाळे टाकतो, पोरगा वल्हे मारतो आणि माल बाजारात नेण्याचे काम बाईचे. श्रीनगरच्या अमीरा कदल पुलावर टोपली घेऊन बसणाऱ्या मासेवाल्या प्रसिद्धच आहेत. गिऱ्हाइकाशी घासाघीस, मासा साफ करून तुकडे करून देणे, उधारी लक्षात ठेवणे, सारे त्याच करतात. या धंद्याचा गल्ला खऱ्या अर्थाने बायकांच्या हातात आहे आणि म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला, असे आमचे मत आहे.

धरण्याच्या पद्धती जुन्याच आहेत. फेकजाळे, म्हणजे आपल्याकडचा पाग, सर्वांत जास्त चालतो. लांब दोरीला गळ लावून रात्रभर सोडण्याचीही रीत आहे. थंडीतली एक पद्धत मात्र ऐकण्यासारखी. मच्छीमार होडीच्या टोकाशी ओणवा होऊन डोके आणि होडीचा काही भाग घोंगडीने व गवताने झाकून घेतो. खालच्या पाण्यावर सावली पडते, मासा दिसू लागतो, आणि मग हातातला लांब भाला. श्रीनगरजवळच्या आंचर सरोवरावर हे दृश्य अजून दिसते. कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास असे बसून हाती येणारी मासळी मोजकीच असते.

मालाचे दोन प्रकार आहेत. अस्सल काश्मिरी मासा, ज्याच्या सत्तर गाड, चिरू, खोंट अशा जाती, आणि बाहेरून आणलेला कार्प, ज्याला लोक ‘पंजाब गाड’ म्हणतात. कार्प 1950 च्या दशकात येथे सोडला. गिऱ्हाईक काश्मिरी माशाला जास्त पैसे मोजते, पण जाळ्यात भरतो तो कार्प. कारण सरळ आहे. काश्मिरी मासा सावकाश वाढतो, आणि अंडी घालायला त्याला गार, वाहते पाणी व खडीचा तळ लागतो. त्यासाठी तो वसंतात ओढ्यानाल्यांत वर चढतो. कार्पला गढूळ पाणी आणि पाणवनस्पती असल्या की झाले. सरोवर जसजसे गाळाने भरले तसतसे घर कार्पचे झाले. कार्पने वजन भरले, गरिबाला स्वस्त मासा मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या मालाला भाव तोच दुर्मिळ होत गेला, तर मेहनत तीच राहून पदरात कमी पडते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला कळेल.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दुकानदाराचे भांडवल गल्ल्यात आणि गोदामात असते. मच्छीमाराचे भांडवल पाणी. 1911 साली वुलर आणि त्याची पाणथळ जमीन मिळून 217 चौरस किलोमीटर होती. 2007 च्या पाहणीत ती 86 वर आली. म्हणजे निम्म्याहून जास्त भांडवल गेले, आणि ज्यांचे गेले त्यांच्या नावावर त्यातला एक गुंठाही कधी नव्हता. काही पाण्यात भातशेती झाली, काहीत वस्ती. मोठा वाटा मात्र विलोच्या झाडांनी घेतला. डोगरा राजवटीत सरपणाची सोय व्हावी म्हणून 1920 च्या दशकापासून सरोवरात विलो लावायला सुरुवात झाली. या झाडांची मुळे गाळ धरून ठेवतात, गाळ साचला की जमीन वर येते, आणि जमीन आली की तेथे आणखी झाडे लावता येतात. पुढे ही झाडे सुमारे वीस लाखांवर गेली.

विलोला नुसता शत्रू ठरवून चालणार नाही. त्याचे लाकूड चुलीत जाते. क्रिकेटच्या बॅटी विलोच्याच लाकडाच्या. त्या घडवणारे दक्षिण काश्मीरचे कारागीरही आपलेच भाऊ. पण ते झाड शेताच्या बांधावर वाढते तसे सरोवराच्या पोटात वाढवायचे कारण नव्हते.

मच्छीमाराच्या अडचणी पाण्याबरोबर संपत नाहीत. पंजाबकडून बर्फात घातलेला मासा ट्रकने श्रीनगरला येतो आणि भाव पाडतो. वुलरकाठच्या माणसाजवळ बर्फही नाही, साठवणही नाही. सकाळी धरलेले संध्याकाळच्या आत विकले पाहिजे. नाही तर दलाल देईल तो भाव. जुन्या लोकांनी यावर एक तोड काढली होती. मासा गवतावर भाजून-धुरवून ‘फरी’ करायची, किंवा उन्हात वाळवून ‘होगाड’ करायचे. बर्फाने रस्ते बंद झाले की हाच माल घराघरात शिजतो आणि चांगला भाव खातो. आम्हाला विचाराल तर ज्यांना या धंद्यात चार पैसे घालायचे असतील त्यांनी बोटीआधी फरीकडे पाहावे. स्वच्छ वेष्टनात, वजन लिहून विकली तर ती पर्यटकही घरी नेईल. आपल्या सुकटीचे व्यापारी हे गणित चांगले जाणतात.

सरोवर वाचवायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1990 मध्ये वुलरचा समावेश रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. 2012 मध्ये वुलरसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. झाडे तोडणे आणि गाळ उपसणे सुरू झाले, पण जेवढा गाळ आहे त्याच्या मानाने उपसा थोडाच आहे.

तरी एक गोष्ट काठावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली. वुलरमध्ये पूर्वी कमळ होते, आणि त्याचे देठ, ज्याला नदरू म्हणतात, काढून विकणे हा मच्छीमारांचा जोडधंदा होता. काश्मिरी घरात नदरू आणि मासा एकाच हंडीत शिजतात. 1992 च्या पुराने इतका गाळ आणला की कमळ गाडले गेले. एक पिढी नदरूशिवाय वाढली. पुढे काही भागातला गाळ काढून बी टाकले गेले आणि 2025 च्या उन्हाळ्यात तेथे पुन्हा कमळ फुलले. ज्यांनी तिशी ओलांडलेली नाही त्यांनी वुलरचे कमळ पहिल्यांदाच पाहिले. म्हाताऱ्यांना छातीभर पाण्यात उतरून पायाने चाचपत देठ कसा शोधायचा हे आठवते, आणि पोरांना ते आता शिकावे लागणार आहे. मात्र मधुमती आणि एरिन हे नाले दर वसंतात डोंगरातली माती घेऊन येतच आहेत.