भांग बोटभर सरकला की

एक भाकरी घ्या. आधी ती तिच्याहून जेमतेम मोठ्या ताटलीत ठेवा, मग तीच उचलून मोठ्या परातीत. परातीतली भाकरी लहान दिसते! बेल्जियमच्या जोसेफ देलबफ यांनी १८६५ मध्ये नुसती वर्तुळं काढून हेच दाखवलं होतं. वर्तुळाभोवती चिकटून कडं काढलं तर आतलं वर्तुळ मोठं भासतं, कडं दूर गेलं की तेच आक्रसतं.

गोल, भरल्या चेहऱ्याला कोणते केस खुलून दिसतील, हा प्रश्न मला म्हणूनच पार्लरइतकाच डोळ्यांच्या शास्त्राचाही वाटतो. केस गालाला हातही लावत नाहीत. बघणाऱ्याच्या नजरेने चेहऱ्याची हद्द कुठे धरायची, तेवढंच ते ठरवतात. आणि तेवढ्याने केवढा फरक पडतो!

गालाच्या गोलाईबरोबर वळून कानाखाली संपणारा आखूड कट बघा. ते चिकटलेलं कडंच झालं. शिवाय त्याची खालची आडवी कड नेमकी चेहऱ्याच्या सगळ्यात रुंद जागी येते. तेच केस हनुवटीच्या खाली उतरले आणि टाळूवर थोडे उचलले, की नजर वरून खाली धावते. कानांजवळ फुगवलेले केस मात्र रुंदीतच जमा होतात, तिथे हात आखडता घेतलेला बरा.

गालावर सोडलेल्या बटेची गंमत तर आणखी खोल आहे. इटलीतले मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझ्सा यांनी एका चौरसाचा मधला भाग उभ्या पट्टीने झाकला. शेजारच्या उघड्या चौरसाएवढाच तो होता, तरी अरुंद दिसू लागला. पट्टीमागे चौरस सलग आहे हे आपल्याला पक्कं कळतं, पण झाकलेल्या जागेचं माप डोळा पुरतं पदरात घालत नाही. भांगापासून हनुवटीकडे तिरकी उतरणारी बट पाहिली की मला तो चौरस आठवतो. बटेमागे गाल आहेच, सगळ्यांना ठाऊक आहे, पण हिशेबात तो थोडा कमी धरला जातो.

भांगाचंही तसंच. मधला भांग चेहऱ्याचे दोन सारखे भाग पाडतो, आणि मग दोन्ही गालांची रुंदी नजर सहज मोजते. भांग बाजूला सरकला की ती मोजणी विस्कटते. अर्थात, मधला भांग, घट्ट अंबाडा आणि त्यावर गजरा यात भरला चेहरा पुरता उघडा असतो आणि मला तो तसा फार देखणा वाटतो. लपवायलाच हवं असं काही त्यात नाही. अरुंद दिसावं असं वाटत असेल त्यांच्यासाठी ही युक्ती.

१९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी अभिनेत्री साधनाच्या कपाळावर केस आणले ते तिचं रुंद कपाळ झाकायला. ‘साधना कट’ घराघरांत पोचला. पण कपाळ झाकलं की चेहऱ्याची उंचीही कमी होते. साधनाला ते शोभलं, गोल चेहऱ्याला तोच सरळ, दाट कट आणखी गोल करतो. कपाळावर केस हवेच असतील तर ते विरळ आणि एका बाजूला कललेले असावेत.

आणि कापताना एक रसायन लक्षात ठेवा. केस ओला झाला की केराटिनमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि कुरळा केस ताणून लांब होतो. वाळताना बंध पुन्हा जुळतात, केस वेटोळं घेऊन वर चढतो. हनुवटीशी कापलेली ओली बट संध्याकाळी गालाच्या मध्यावर येऊन बसते, नेमकी नको तिथे. तेव्हा केस कुरळे असतील तर खुर्चीत बसल्या बसल्याच सांगून टाका, “ताई, हनुवटीच्या दोन बोटं खाली ठेवा हं, वाळले की चढतात.”